पाऊस किती, त्याहून पाऊस कधी

रानातून येऊन हातपाय धुऊन तुम्ही आता चुलीपाशी बसला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आपण पावसाबद्दल बोलणार आहोत.

मे महिन्यात आम्ही गटांच्या बैठकांना फिरतो, तेव्हा बचत मोजून झाली, हप्ते लिहून झाले की प्रत्येक गावात एकच प्रश्न येतो. यंदा पाऊस कसा सांगितलाय? मग कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं सांगते, सरासरीच्या एवढे एवढे टक्के. आकडा शंभराच्या वर असला की बायांच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसतं. एका बैठकीत मात्र एक आजी म्हणाल्या, "टक्के राहू द्या गं, माझ्या रानात तो कधी पडणार ते सांगा." आम्हाला वाटतं, खरा प्रश्न आजींनीच विचारला. आजचं सगळं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

आधी हे टक्के म्हणजे काय ते समजून घेऊ. भारतीय हवामान विभागानं १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांचा जून ते सप्टेंबरचा पाऊस मोजून देशाची सरासरी काढली आहे. ती आहे सुमारे ८७० मिलिमीटर. एखाद्या वर्षी या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला, तर तो सर्वसाधारण पाऊस म्हणायचा. आपल्या देशात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, त्यातला साधारण तीन चतुर्थांश याच चार महिन्यांत पडतो. म्हणून सगळ्या देशाचं लक्ष या एका आकड्याकडे असतं.

पण सरासरी कशी फसवते ते आपल्या गटाच्या पेटीवरून पाहा. दहा जणींचा गट आहे. महिनाअखेर पेटीत हजार रुपये आले. म्हणजे सरासरी प्रत्येकीची शंभर रुपये बचत. ऐकायला छान वाटतं. पण वही उघडली तर दिसतं, नऊ जणींनी दहा-दहा रुपये टाकलेत आणि एकटीनं नऊशे दहा. सरासरी शंभरच आहे, पण गट धड चाललेला नाही. पावसाचंही तसंच होतं. एका जिल्ह्यात पूर, दुसऱ्यात टँकर. एका आठवड्यात महिन्याचा पाऊस, नंतर तीन आठवडे कोरडं आभाळ. बेरीज केली तर म्हणायचं, पाऊस सरासरीइतका झाला.

२०२३ साल आठवा. त्या वर्षी देशाचा चार महिन्यांचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के होता. कागदावर तूट फक्त सहा टक्क्यांची. पण त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशात ३६ टक्के पाऊस कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर इतका कोरडा ऑगस्ट आधी कधी झाला नव्हता. आणि ऑगस्टमध्ये आपल्या रानात काय असतं? सोयाबीन फुलात असतं, शेंगा धरायला लागतं. नेमकं तेव्हा पाणी नाही. पुढे सप्टेंबरमध्ये पाऊस आला, पण गळून गेलेली फुलं काही परत येत नाहीत. देशाला सहा टक्के कमी, पण ज्या बाईच्या शेंगाच भरल्या नाहीत तिचं निम्मं पीक गेलं.

आता हा पाऊस येतो कुठून आणि सगळीकडे सारखा का पडत नाही, ते पाहू. उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापते. समुद्र मात्र मोठ्या हंड्यातल्या पाण्यासारखा सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची दमट हवा धावते. ही हवा नैर्ऋत्येकडून येते, म्हणून आपण त्याला नैर्ऋत्य मोसमी पाऊस म्हणतो. सर्वसाधारणपणे १ जूनला तो केरळात येतो, ११ जूनच्या सुमारास मुंबईत आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यानं सगळा देश व्यापलेला असतो. सप्टेंबरच्या मध्याला राजस्थानातून तो परत फिरतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशातून निघून जातो. त्या परतीच्या वाटेवरचा पाऊस आपल्या रब्बीला ओल देऊन जातो.

या वाऱ्यांच्या दोन वाटा आहेत. एक अरबी समुद्रावरून, दुसरी बंगालच्या उपसागरावरून. अरबी समुद्रावरचे ढग कोकणात येतात आणि सह्याद्रीला अडतात. डोंगर चढताना थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. म्हणून कोकणात चार महिन्यांत सुमारे २९०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला तर पाच हजारांच्या वर. आणि घाट उतरून वाईला आलं की तोच आकडा हजाराच्या आत येतो. अंतर पाहाल तर एसटीनं दीड तासाचंसुद्धा नाही. पुढे माण, खटाव, जत, सांगोला हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. डोंगराची सावली पडावी तशी पावसाची सावली.

विदर्भाचं वेगळं आहे. तिथं बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून पाऊस घेऊन येतात. म्हणून विदर्भात नऊशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. मराठवाडा मधे सापडतो. अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीवर रिकामे झालेले आणि उपसागराचे ढग इथवर येता येता दमलेले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. आपल्याकडे चार महिन्यांत सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही दर वर्षी तेवढाच पडेल याचा भरवसा नाही.

देशात आणखी लांब गेलं तर फरक याहून मोठा आहे. मेघालयात मौसिनराम आणि चेरापुंजी इथं वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तर राजस्थानात जैसलमेरकडे दोनशेच्या आसपास. तामिळनाडूची तर तऱ्हाच निराळी. आपला पाऊस घरी गेला की त्यांचा मोठा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून वारे येतात आणि त्यांच्या वर्षाच्या पावसातला जवळजवळ निम्मा तेव्हा पडतो. काश्मीर, लडाखला हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे बर्फ देतात. तसलेच पश्चिमेचे वारे कधी खाली आपल्यापर्यंत आले आणि त्यांची उपसागरावरच्या दमट हवेशी गाठ पडली, तर गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यानं आणि विदर्भानं ती भोगली आहे. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा, मोसंबी, सगळं गारांनी झोडपून काढलं.

म्हणजे एकाच देशात पावसाचे किती प्रकार. म्हणूनच टीव्हीवर देशाचा आकडा ऐकून आपल्या रानाचा निर्णय घेता येत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं. त्यांच्याकडे यंत्रं नव्हती, पण नक्षत्रं होती. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी साधारण तेरा-चौदा दिवसांची एकेक वाटणी. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, मघाचा सासूचा आणि पूर्वाचा सुनेचा. हस्ताचा म्हणजे हत्तीचा पाऊस पडला की रब्बीची आशा धरायची. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की घोडा, यावरून पाऊस ठरत नाही, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे. पण ही वाटणी मात्र फार शहाणपणाची होती. एकूण किती पडला यापेक्षा कोणत्या पंधरवड्यात किती पडला, हे त्यांनी लक्षात ठेवलं. मृगात पेरणीपुरता हवा, पुष्यात भीज पाऊस हवा, हस्तात जमिनीत मुरणारा हवा. पिकाला जशी गरज, तसा हिशेब.

आता अडचण अशी झाली आहे की त्या हिशेबाला पाऊस जुमानत नाही. बैठकीत साठीच्या पुढच्या बाया सांगतात, "पूर्वी आठ-आठ दिवस झड लागायची, गोवऱ्या वाळत नव्हत्या. आता झड कुठं राहिलीय? येतो तो बदाबदा येतो, नाहीतर येतच नाही." हे नुसतं म्हातारपणाचं बोलणं नाही. पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं. त्याच काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नाही. १९५१ ते २०१५ दरम्यान तो सुमारे सहा टक्क्यांनी घटल्याचं केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात म्हटलं आहे. गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात ही घट जास्त आहे. एकूण पाऊस थोडा कमी आणि मोठे तडाखे जास्त. याचा अर्थ मधला साधा, जमिनीत मुरणारा पाऊस कमी झाला.

असं का होतं? हवा तापली की ती जास्त वाफ धरून ठेवते. एक अंश तापमान वाढलं तर हवेत सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. मोठं भांडं भरायला वेळ लागतो, पण ओतलं की एकदम पुष्कळ सांडतं. तशी ही गोष्ट आहे. शिवाय अरबी समुद्र पूर्वीपेक्षा गरम झाला आहे, त्यामुळे कधीकधी एकदम भरपूर वाफ आपल्याकडे ढकलली जाते. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढलं आहे. आकडा लहान दिसतो, पण तापाचं आपल्याला माहीत आहे. अंगात एक अंश ताप वाढला तरी माणूस अंथरूण धरतं.

मधे खंड का पडतो, त्याचंही कारण आहे. पावसाळ्यात उत्तर भारतावर कमी दाबाचा एक लांब पट्टा असतो. तो हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की तिकडे नद्यांना पूर येतो आणि इकडे आपलं आभाळ कोरडं पडतं. तो खाली आला की आपल्याकडे पाऊस. आणि तुम्ही एल निनो हे नाव बातम्यांत ऐकलं असेल. पॅसिफिक महासागराचं पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्याला हे नाव आहे. तसं झालं की आपल्याकडे पाऊस कमी होण्याची शक्यता वाढते. २००९, २०१५, २०२३ ही तशी वर्षं होती. पण १९९७ साली मोठा एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. म्हणून एल निनो ऐकला की लगेच हातपाय गाळायचे नाहीत, सावध मात्र व्हायचं.

पावसाच्या लहरी आपल्या भागानं किती पाहिल्या! १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्याच कामांतून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. त्या आज्या सांगतात, तेव्हा धान्य नव्हतं पण विहिरीला थोडंफार पाणी होतं. आता रेशनवर धान्य मिळतं, पण पाण्याला टँकर लागतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तिकडे इतका पाऊस झाला की मांजरा धरणात पाणी आलं. २०२५ साली तर पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजीच पोचला. मुंबईत इतक्या लवकर तो नोंदींमध्ये कधी आला नव्हता. लोक खूश झाले. पण मेअखेर तो अडला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात धाराशिव, बीड, सोलापूरकडे असा कोसळला की सीनेच्या पुरात पिकं, जनावरं आणि संसार वाहून गेले. कित्येकांच्या रानातली माती खरवडून गेली. देशाचा आकडा त्या वर्षी १०८ टक्के होता. म्हणजे कागदावर चांगलं वर्ष.

आता आपल्या घरात याचा अर्थ काय होतो ते बोलू. पहिला पाऊस पडला की शेजारचं रान पेरलं जातं, म्हणून आपलंही पेरतात. बियाण्याची पिशवी, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं एका आठवड्यात उभं करायचं. मग पावसानं ओढ दिली की उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी येते. दुबार पेरणीचे पैसे कुठून येतात? बाईच्या गटातून नाहीतर बाईच्या कानातून. त्याच महिन्यात पोरांच्या शाळा सुरू होतात आणि हप्ताही त्याच महिन्यात असतो. ज्यांच्याकडे रानच नाही त्यांचं आणखी अवघड. खंड पडला की खुरपणी निघत नाही आणि धो धो पडला की रानात पाय ठेवता येत नाही. दोन्हीकडून रोज बुडतो. पेरायचं कधी, हे घरातले पुरुष ठरवतात, पण चुकलं तर फेडायला आपण असतो. म्हणून आमचं म्हणणं आहे, त्या निर्णयात आपलंही बोलणं असलं पाहिजे. आणि बोलायला हातात काहीतरी मोजलेलं पाहिजे.

आमच्या प्रभागात एका गावात गटाच्या बायांनी पावसाची वही सुरू केली. एका वर्षी जूनअखेर त्या वहीत दोन सरी मिळून ४४ मिलिमीटर पाऊस जमला होता. गावात पेरणीची घाई सुरू झाली. गटातल्या एका ताईंनी सासऱ्यांना आणि मालकांना वही दाखवली. म्हणाल्या, "मामा, ४४ च झालाय. उकरून बघा, ओल वीतभरसुद्धा गेली नाही." कृषी विभागाचं सांगणं असतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल असल्याशिवाय पेरू नका. घरात बरीच वादावादी झाली. शेवटी सासरे म्हणाले, थांबू चार दिवस. त्या वर्षी अठरा दिवसांचा खंड पडला आणि अर्ध्या गावाला दुबार पेरावं लागलं. ताईंची एक पिशवी वाचली. पण खरं तेच सांगायचं तर थांबल्यामुळे त्यांचा मूग हुकला, कारण जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग-उडदाला उशीर होतो. त्याऐवजी त्यांनी सोयाबीनमध्ये तूर धरली. वही भविष्य सांगत नाही. पण आज जमिनीत किती आहे ते सांगते, आणि घरात बोलायला आधार देते.

अशी वही प्रत्येक गटाला ठेवता येईल. त्याला खर्च नाही. सरळ उभ्या भिंतीचा आणि सपाट बुडाचा एक डबा घ्या. तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं हवं. तो उघड्यावर, कलंडणार नाही असा पक्का ठेवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर डबा असावा, नाहीतर आडोशानं पाऊस कमी-जास्त मोजला जातो. रोज सकाळी साडेआठला पोरांची शाळेची पट्टी आत उभी धरा. शून्याची खूण टोकालाच असेल अशी पट्टी निवडा. पाणी जिथवर आलं, तेवढे मिलिमीटर पाऊस. पट्टीवरचा एक बारीक घर म्हणजे एक मिलिमीटर. हवामान विभागही सकाळी साडेआठलाच मोजतो, म्हणून आपणही तीच वेळ धरू. मोजलं की डबा रिकामा करायचा. पाऊस नसेल त्या दिवशीसुद्धा शून्य लिहायचं. शून्य लिहिलं नाही तर खंड किती दिवसांचा होता ते कळत नाही.

महिनाअखेर वहीतून तीन गोष्टी काढायच्या. एक, एकूण किती पडला. दोन, किती दिवस पडला. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. तीन, सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा होता. या तीन आकड्यांत आजींच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हा मिलिमीटर दिसायला बारीक आहे, पण त्याचं पाणी किती होतं पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. एका एकरावर तेच सुमारे चार हजार लिटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर चार लाख लिटर, म्हणजे बारा हजार लिटरचे तेहतीस टँकर. वीस फूट बाय पंधरा फुटांचं पत्र्याचं घर असेल, तर एका मिलिमीटरला पत्र्यावर सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी पडतं. पंचवीस मिलिमीटरच्या एका चांगल्या सरीत सातशे लिटर. थोडं सांडलं, उडालं तरी दोनशे लिटरचे तीन ड्रम भरतात. पन्हाळी लावून, सुरुवातीचं मळकं पाणी सोडून देऊन हे धरलं तर जनावरांचं, भांड्या-धुण्याचं भागतं. बाईच्या डोक्यावरच्या तेवढ्या खेपा वाचतात.

आता कुणी म्हणेल, महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र आहे, मग आपला डबा कशाला? मंडळात पुष्कळ गावं असतात. एका शिवारात पाऊस आणि बांधापलीकडे कोरडं, हे आपण नेहमी पाहतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरसुद्धा झाला नव्हता. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की सरकारी हिशेबात ती अतिवृष्टी ठरते आणि तो आकडा मंडळाच्या केंद्राचा असतो. आपल्या डब्यातला आकडा सरकारी पुरावा होणार नाही. पण आपल्या गावात ९० झाला आणि केंद्रावर ४० दिसतो, हे आपल्याला त्याच दिवशी कळेल. मग तलाठी आणि कृषी सहायकांकडे लेखी अर्ज करून पंचनामा मागता येईल, अर्जाची पोच घेता येईल. विम्याचे नियम बदलत असतात, म्हणून ते पेरणीच्या आधीच विचारून घ्या. नुकसान झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

गटानं काय करायचं, तेही सांगतो. मेच्या किंवा जूनच्या बैठकीत तीन ठराव घ्या. पहिला, गटाच्या पैशातला काही भाग जुलैच्या मध्यापर्यंत अंतर्गत कर्जाला देऊन टाकू नका. तो दुबार पेरणीसाठी राखून ठेवा. लागला नाही तर उत्तमच. दुसरा, अंतर्गत कर्जाचे हप्ते जून ते सप्टेंबर लहान ठेवा आणि सोयाबीन विकल्यावर मोठे घ्या. हप्ता पावसाच्या चालीनं बांधा. बँकेच्या कर्जाचं तसं होत नाही, म्हणून बँकेत आधीच जाऊन बोला. तिसरा, घरचं बियाणं थोडं राखून ठेवा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा आणि सत्तरच्या वर उगवले तर ते बियाणं पेरायला चालतं. ज्या बायांकडे रान नाही त्यांनी खंड पडायची वाट न पाहता ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी.

रानातही पाऊस धरता येतो. उताराला आडवी पेरणी करा. चार-सहा ओळींनंतर एक सरी मोकळी सोडा. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरतं, जास्त झाला तर त्याच सरीतून वाहून जातं. नुसतं सोयाबीन न पेरता त्यात तुरीच्या ओळी धरा. एका पिकाला खंड लागला तरी दुसरं उभं राहतं.

एक जिवाची गोष्ट राहिली. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. आभाळ गडगडलं की झाडाखाली थांबू नका, विळा-खुरपं हातातून ठेवा आणि पक्क्या घरात जा. ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांनी 'दामिनी' ॲप घ्यावं, त्यावर जवळपासच्या विजांची सूचना मिळते. शेतीच्या सल्ल्यासाठी 'मेघदूत' ॲप आहे. आणि हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा रेडिओवर ऐकला तर गटाच्या सगळ्या जणींना कळवा. लाल म्हणजे लगेच सावध व्हायचं.

पाऊस आपल्या हातात नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरंच आहे. पण पावसाची नोंद आपल्या हातात आहे, गटाचा हप्ता आपल्या हातात आहे आणि घरात पेरणीचं बोलणं निघालं की आपला आकडा पुढे ठेवणं आपल्या हातात आहे. बचत गट सुरू झाले तेव्हा दहा-वीस रुपयांच्या वहीला लोक हसत होते. त्याच वहीवर आज बँक कर्ज देते. पावसाच्या वहीलाही सुरुवातीला कुणी हसेल. हसू द्या. पहिल्या वर्षी ती फक्त आकडे देईल, चार-पाच वर्षांनी आपल्या शिवाराचा स्वभाव सांगेल.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आत प्रत्येक गटानं डबा मांडावा आणि वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव लिहावं. कोण मोजणार, ती गावाला गेली तर कोण मोजणार, हेही बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. जूनच्या बैठकीला येताना बचतीच्या वहीबरोबर ही वहीसुद्धा आणा. आम्ही सगळ्या गावांचे आकडे एका कागदावर मांडू आणि तो कागद प्रत्येक गावात परत देऊ.